चाळीस अक्षरांची खिडकी

डॉक्टरांनी माझ्या यजमानांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहेर बाकावर बसवलं, मग आत बोलावलं आणि सांगितलं की यांची नजर कडेकडेनं जात राहील. यावर औषध नाही. आम्ही रिक्षानं उस्मानपुऱ्यात घरी आलो. मी कुकर लावला.

तेव्हा ते वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. कारखाना गाड्यांचे सुटे भाग करायचा. त्या वर्षांत वाळूजच्या माळावर दर महिन्याला नवी शेड उभी राहत होती, आणि जो कारखाना कॉम्प्युटर घेई त्याला मोठी कामं मिळत. यांच्या कारखान्यानं युनिक्सची तीन यंत्रं घेतली होती. मोठा पडदा, उंदीर म्हणजे माउस, आणि पडद्यावर हव्या तितक्या खिडक्या. कुठला भाग किती तयार आहे, किती पाठवायचा आहे, हे सगळं त्यांतून चाले, आणि ती यंत्रं सांभाळायचं काम यांचं होतं. डोळ्यांचं साहेबांना कळलं तर ते काम राहणार नाही, हे आम्ही दोघं एकमेकांना न सांगता धरून चाललो होतो.

रातांधळेपणा त्यांना लहानपणापासून होता. घर पिशोरचं, मेंढरं राखणारं. दिवस कलला की मेंढरं परत आणताना हे पोर खड्ड्यात पडायचं, कधी दुसऱ्याच कळपामागं चालू लागायचं. सासूबाई सांगायच्या, "सांजच्याला ह्याच्या हाती मेंढरं देणं म्हंजी लांडग्याला आवतन. मंग म्हनलं, जाऊ दे साळंत." भाऊ मेंढरांमागं गेले आणि हे शाळेत गेले, ते असे. पुढं इंजिनियरिंगचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, चष्मा लागला. पण कडेची माणसं दिसत नाहीत, वाढलेल्या ताटातली वाटी सापडत नाही, हे सुरू झालं तेव्हा आम्ही डॉक्टरांकडं गेलो.

आता त्यांना पडद्यावर खिडकी सापडेना. सापडली तर ओळ सापडेना. युनिक्सच्या यंत्रावर काम करायचं ते अशाच एका खिडकीत आज्ञा टाइप करून. त्या खिडकीच्या प्रोग्रामचं नाव एक्सटर्म. पांढऱ्या पाटीवर बारीक काळी अक्षरं, ऐंशी अक्षरं रुंद. ही खिडकी बदलता येते, असं त्यांना माहीत होतं. कशी, ते एका माहितीपत्रात होतं. ते त्यांनी यंत्रावरून छापून आणलं. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडी घडीचा लांब कागद होता. त्यावरची अक्षरं इतकी फिकट की त्यांना वाचणं शक्य नव्हतं. म्हणून ते मी वाचू लागले.

संध्याकाळी स्वयंपाक झाला की मी तो कागद पलंगावर उलगडायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मी तोवर तसलं यंत्र पाहिलेलं नव्हतं. पाटीचा रंग, अक्षराचा रंग, कर्सरचा रंग, कडेला सोडायची जागा, सरकपट्टी हवी की नको, ओळीचं टोक आलं की घंटी वाजवायची की पडदा लुकलुकवायचा, अशी एकामागून एक कलमं. ग्रंथालयात मी आयुष्यभर पुस्तकांची वर्णनं लिहीत आले, पण एका चौकोनाचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन मी पहिल्यांदाच वाचत होते. ते मधेच म्हणायचे, "ते घंटीचं पुन्हा वाच." मी वाचायची. ते पाठ करून दुसऱ्या दिवशी कारखान्यात टाइप करायचे.

ही सगळी मांडणी एका फाइलीत जायची. तिचं नाव टिंबानं सुरू होई, आणि टिंबानं सुरू होणारी फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही. तिच्यातल्या एखाद्या ओळीआधी उद्गारचिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती नुसती माणसांसाठी उरते. आणखी एक गोष्ट मी त्या कागदातून शिकले. फाइल बदलली तरी आधीच उघडी असलेली खिडकी बदलत नाही. बदल बघायचा तर नवी उघडावी लागते.

अक्षरांच्या मापाचं कलम आलं तेव्हा मी थांबले. कंट्रोलचं बटण दाबून उंदराची उजवी कळ दाबली की मापांची यादी येते, असं लिहिलं होतं. लहान, मध्यम, मोठं, अतिमोठं. सगळ्यात बारीक एक माप होतं, त्याचं नावच 'न वाचता येणारं'.

"हे कुणासाठी ठेवलंय?" मी विचारलं.

"आसंल कुणासाठी तरी," ते म्हणाले. "नुसतं काम चालू हाय का थांबलंय एवढं लांबून बघायचं आसंल."

मी त्यांना अतिमोठं माप घ्यायला सांगितलं. आमच्या ग्रंथालयात म्हातारे वाचक यायचे, त्यांच्यासाठी मोठ्या टाइपाची पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवलेली होती. दिसत नसेल तर अक्षर मोठं करायचं, यात मला शंका घ्यायला जागाच दिसली नाही. त्यांनाही दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "नाय जमलं."

"का?"

"अक्षर हत्तीएवढं झालं. एका टायमाला दोनच दिसतात. शब्द संपस्तोवर सुरुवात इसरायला होती."

मग त्यांनी माझी मूठ वळली, तिची नळी केली आणि माझ्या डोळ्याला लावली. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. "जवळ जा," म्हणाले. मी गेले, एक तारीख दिसली. "आता मागं हो." मी दारापर्यंत मागं आले, तेव्हा अख्खा महिना दिसला. मग मला कळलं. ते आंधळे होत नव्हते, त्यांची नळी अरुंद होत होती. नळीतून बघणाऱ्याला अक्षर मोठं नको, जाड हवं. आणि ओळ आखूड हवी, नाहीतर उजव्या टोकापासून डावीकडं परत येताना वाट चुकते. मेंढरांमागं ते तशीच चुकायचे.

नंतरची मांडणी आम्ही बसून ठरवली. मध्यम माप, पण जाड ठशाचं. काळी पाटी, पिवळी अक्षरं. लाल कर्सर. रुंदी ऐंशीच्या जागी चाळीस, उंची चोवीस ओळी. जागा नेहमी एकच, डावा वरचा कोपरा, म्हणजे शोधायला नको. घंटी चालू. ऐंशी अक्षरांचा अहवाल त्या खिडकीत मोडून दोन ओळींचा व्हायचा, तो तसा वाचायची त्यांनी सवय केली. अतिमोठ्या मापाची माझी ओळ त्यांनी पुसली नाही, आधी उद्गारचिन्ह टाकून ठेवली.

विभागात त्यांचा एक सहकारी होता, माझ्यासाठी भाऊजी. त्यानं हे सगळं पाहिलं आणि काही विचारलं नाही. तो भावसिंगपुऱ्याकडं राहायचा. त्याचे आईवडील तो लहान असताना सोयगावकडचं गाव सोडून शहरात आले होते. तिथलं जळालेलं घर त्यांनी परत बांधलं नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की विभागातले लोक त्याच्याकडं बघून गप्प व्हायचे. तो म्हणायचा, "बोला की, मी काय पाहुणा हाय का?" मग कुणीतरी चहा मागवायचं.

यंत्रांना नावं द्यायची होती तेव्हा यजमानांनी आपल्या यंत्राला पिशोर नाव दिलं. भाऊजीनं आपल्या यंत्राला सोयगाव दिलं. साहेबांच्या केबिनजवळच्या यंत्राचं नाव फर्दापूर ठरलं.

साहेबांनी विचारलं होतं, "फर्दापूर का?"

"लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणे तिथंच उतरत्यात, साहेब," भाऊजी म्हणाला.

साहेब पुण्याचे होते. हसले, आणि नावं राहिली. प्रत्येक खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीत यंत्राचं नाव यायचं.

हिवाळ्यात बस वाळूजहून निघून नगर नाक्याला येईस्तोवर अंधार पडायचा. बसमधून उतरणं, रस्ता ओलांडणं, गल्लीच्या तोंडापर्यंत येणं, यातलं काहीच त्यांना एकट्याला जमत नव्हतं. भाऊजीची सायकल नाक्यावर एका टपरीपाशी असायची. तो सायकल हातात धरून चालायचा, हे कॅरिअरवर हात ठेवून चालायचे, आणि बघणाऱ्याला दोन मित्र गप्पा मारत चालले आहेत असं वाटायचं. उस्मानपुऱ्यापर्यंत येऊन तो उलटा जायचा. त्याला तो लांबचा फेरा होता. मी एकदा तसं म्हटलं. "वहिनी, हे गावाकडचं मानूस हाय," तो म्हणाला, "रस्त्यानं निम्म्या गप्पा त्यांच्या आन् निम्म्या माझ्या. सायकलवर बसलो तर ऐकायला कोन?"

कामात एक अडचण उरली होती. त्या यंत्रावर उंदराचा बाण ज्या खिडकीवर असेल तिथंच टाइप केलेलं उमटायचं. बाण खिडकीबाहेर गेला की यांना तो सापडायचा नाही, आणि ओळीच्या ओळी हवेत जायच्या. मी कागद पुन्हा काढला. डाव्या कळीच्या यादीत एक सोय होती. ती चालू केली की कीबोर्ड फक्त त्याच खिडकीच्या ताब्यात राहतो, बाण कुठंही असो. सोय पासवर्ड टाकण्यापुरती केलेली होती, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं ती अक्षरं चोरू नयेत म्हणून. ती चालू आहे हे कळावं यासाठी खिडकीचे रंग उलटे होतात. यांनी ती दिवसभर चालू ठेवायला सुरुवात केली, आणि काळ्यावर पिवळं पुन्हा मिळावं म्हणून फाइलीत मुळातच रंग उलटे लिहिले.

एके दिवशी ते चहाला गेले असताना साहेब त्यांच्या खुर्चीत बसले. साहेबांचं स्वतःचं यंत्र बंद पडलं होतं आणि मुंबईला निरोप पाठवायचा होता. त्यांनी आपली वेगळी खिडकी उघडली आणि निरोप टाइप केला. तो त्यांच्या खिडकीत उमटला नाही, कोपऱ्यातल्या पिवळ्या खिडकीत उमटत गेला. प्रत्येक ओळीनंतर यंत्र तिथं सांगत होतं की अशी आज्ञा मला माहीत नाही.

साहेबांनी भाऊजीला हाक मारली. "हे काय करून ठेवलंय?"

"पासवर्ड कुणी बघू नाय म्हणून, साहेब. सुरक्षेचं हाय."

"मग हे गृहस्थ दिवसभर पासवर्डच टाकत बसतात का?"

यजमान परत आले तेव्हा साहेब अजून खुर्चीत होते. खिडकीकडं बोट दाखवून म्हणाले, "एवढीशी खिडकी, कोपऱ्यात. बाकीचा पडदा कशाला ठेवलाय, पूजेला?" हे काहीतरी म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय असं काहीसं. त्या संध्याकाळी घरी ते नीट जेवले नाहीत. साहेबांनी पुढं काही विचारलं नाही, पण त्यानंतर ते कधी कधी मागं येऊन उभे राहायचे. यांना मागची माणसं दिसत नव्हतीच. कळायचं ते भाऊजीच्या खोकल्यावरून.

संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला, जुनं नाव न काढता त्याच्या आधी नवं जोडलं. शहरात काही दिवस आधीपासून बंदोबस्त होता, शाळा बंद ठेवल्या होत्या. आमच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांची चळत तशीच पडली होती, वाचायला कुणी आलं नव्हतं. कारखाना मात्र चालू होता. भाऊजीनं त्या दिवशी रजा घेतली होती, म्हणून हे नाक्यावरून रिक्षानं येणार होते. मी दुपारी तिळाच्या वड्या केल्या. संध्याकाळी गल्लीत कुणीतरी सांगितलं की नाक्यापासून आत रिक्षाही सोडत नाहीत.

मी दार उघडं ठेवून बसले. अंधार झाला. शेजाऱ्यांचे सगळे घरी आले होते. मला नाक्यापर्यंत जायचं होतं, पण कोणत्या रस्त्यानं जावं हे ठरवता येईना. कुणाला सोबत चला म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

बऱ्याच वेळानं दोघं आले. सायकल, तिच्या दांड्यावर भाऊजीचे हात, कॅरिअरवर यांचा हात. भाऊजीच्या डोक्यावर, कपाळावर, शर्टावर निळी पूड होती. यांच्या खांद्यावर तिचा एक पंजा उमटला होता.

"वहिनी, तिळगूळ आना," भाऊजी म्हणाला. "पाय राह्यले न्हाईत."

"तुम्ही विद्यापीठाच्या गेटावर नव्हता का?"

"व्हतो की. समदी व्हती. माय बी आली व्हती माझी. नाचता नाचता कुणी तरी म्हनलं, रिक्षा नाक्यावर थांबवल्यात. मंग ध्यानात आलं, मी रजेवर. म्हंजी भाऊ एकटे."

यजमान खुर्चीत बसले होते. त्यांनी सांगितलं की बसमधून उतरल्यावर ते टपरीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. लोक जात होते, पोलिसांच्या गाड्या जात होत्या. एका शिपायानं हटकलं, तेव्हा मित्राची वाट बघतोय म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, कारण मित्र येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग समोरून सायकलची घंटी वाजली.

"शिपाई मलाच धरत व्हता," भाऊजी म्हणाला. "निळा झालोय, वरून अंधारात भिंतीपाशी चाललोय. म्हनलं, दादा, ह्यो माझा भाऊ हाय, घिऊन जातो. त्यानं दोघांकडं बघितलं. म्हनला, तोंडं तर सारखी दिसंनात."

"मग?"

"म्हनलं, आज समदेच भाऊ, उद्याचं उद्या बघू. सोडलं त्यानं."

मी वडी पुढं केली. गोड बोला म्हणायचं मला सुचलं नाही, त्यानंच ते म्हटलं. माझ्या मनात आलं ते यजमानांनी बोलून दाखवलं. "तुझा दिवस गेला रं माझ्या पायी. माय तिथं, तू हितं."

"गेट काय पळून जातंय? उद्या बी तिथंच हाय." तो उठला. मग दारात थांबून म्हणाला, "पर भाऊ, मी रोज आसनार न्हाई. कधी बदली हुईल, कधी काय. हे किती दिवस झाकनार?"

तो गेल्यावर यांनी शर्ट बदलला नाही. मला म्हणाले, "उद्या साहेबांना सांगतो." नोकरी गेली असती तर माझ्या पगारात भागवावं लागलं असतं, आणि पिशोरला काय सांगायचं हा प्रश्न होता. पण भिंतीला पाठ लावून उभं राहणं मलाही पुन्हा नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. ते मला नंतर भाऊजीकडून कळलं, कारण यांनी घरी येऊन एवढंच म्हटलं की सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यासमोर एक छापील अहवाल ठेवला आणि वाचायला सांगितला. हे म्हणाले, कागदावर वाचता येणार नाही, खिडकीत वाचतो. त्यांनी आपल्या खुर्चीत बसून तोच अहवाल उघडला आणि वाचून दाखवला. कुठल्या भागाचे आकडे चुकले आहेत तेही दाखवलं, ते साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं की आधीच आलं होतं हे भाऊजीला सांगता येईना.

"ही खिडकी कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"घरी केली. मंडळीनं वाचून दावलं, मी टाइप केलं."

"तुमच्या मंडळी कॉम्प्युटरवर कुठं काम करतात?"

"न्हाईत. ग्रंथालयात हायेत."

साहेबांनी तो अहवाल खिडकीत एकदा स्वतः वाचला. मग म्हणाले, फक्त दिवसपाळी. सुटे भाग बनतात त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. खिडकी आहे तशी राहू दे. जेवढे दिवस जमेल तेवढे दिवस.

त्याच आठवड्यात भाऊजीनं यांच्या खिडकीच्या माथ्यावरची पट्टी बदलली. पिशोर काढून तिथं विद्यापीठाचं नवं पूर्ण नाव टाकलं. चाळीस अक्षरांची खिडकी, तिची पट्टीही आखूड, आणि नाव लांब. पुढचा नवा भाग दिसायचा, मागचा जुना कापला जायचा. त्यानं ते मला दाखवायला माझ्या एका सुट्टीच्या दिवशी डब्याच्या निमित्तानं कारखान्यात बोलावलं. मी पहिल्यांदाच ती खिडकी पाहिली. जी मी वाचली होती, अगदी तीच होती.

"बघा वहिनी," भाऊजी म्हणाला, "जेवढं मागितलं व्हतं तेवढंच मावलं. सरकारनं मागं लावलेलं बाहेर राह्यलं."

"रुंद केली की दिसंल ते," यजमान म्हणाले.

"म्हणून तर म्हनतो, रुंद करू नगा."

त्यांनी पुढं आणखी काही वर्षं काम केलं. नळी अरुंद होत गेली. चाळिसाची रुंदी तीस झाली, नंतर वीस. एक दिवस त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं की आता घंटीच ऐकू येते, बाकी काही नाही. त्यानंतर ते घरी होते. भाऊजी ठरलेल्या दिवशी यायचा, त्यांच्या फाइली एका डिस्कवर घालून आणून दिल्या त्यानंच. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही घरी लिनक्सचं यंत्र घेतलं, आणि त्यानं ती टिंबाची फाइल त्याच्यावर चढवली. ती चालली. ते सांगायचे, मी टाइप करायची, चुकलं की घंटी वाजायची आणि ते हसायचे.

गेल्या वर्षी ते गेले. डोळ्यांनी नाही, हृदयानं.

आता यंत्र सुरू केलं की डाव्या वरच्या कोपऱ्यात ती खिडकी उघडते. विसाची रुंदी मी परत चाळीस केली आहे. पाटी काळी आहे, अक्षरं पिवळी आहेत, कर्सर लाल आहे. माथ्यावर अर्धं नाव आहे. फाइलीत उद्गारचिन्हामागं अतिमोठ्या अक्षरांची माझी ओळ आहे. माझी नजर चांगली आहे, उरलेला पडदा मला दिसतो. तो रिकामा आहे.